डिस्क भरत चाललीय, फायली टेपवर जात नाहीत : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ठाणे-बेलापूर रोडलगत, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात ज्यांनी टेप लायब्ररी (टेपांचे खण, त्या वाचणारे-लिहिणारे ड्राइव्ह आणि टेपांची ने-आण करणारा रोबो असलेलं यंत्र) सांभाळली आहे त्यांना हा फोन ओळखीचा असेल. रात्रपाळीवरचा पोरगा विचारतो, "दादा, डिस्क ९६ टक्के झालीय. जुनं काय उडवू?" माझं उत्तर ठरलेलं असतं : काही उडवू नकोस, काही रीस्टार्ट करू नकोस, आधी क्यू (कामांची रांग) बघ आणि काम कुठे अडलंय ते सांग. एचएसएम (जुन्या फायली आपोआप टेपवर नेऊन डिस्क मोकळी करणारं सॉफ्टवेअर) असलेल्या डिस्कवर हाताने जागा मोकळी करणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. का, ते पुढे येतंच.

लिनक्स सर्व्हर, त्यावर कुठलं तरी एचएसएम आणि एलटीओ (डेटा साठवायच्या टेपचा एक प्रकार; एलटीओ-८ मधला आकडा म्हणजे पिढी) ड्राइव्हची छोटी-मध्यम लायब्ररी, एवढा पसारा गृहीत धरतो. वागळे इस्टेटमधला एडिटिंग स्टुडिओ असो की हॉस्पिटलच्या सीटी-एमआरआयचा साठा, बिघाड थोड्याफार फरकाने तेच निघतात.

लक्षणं

- डिस्कचा वापर वरच्या मर्यादेपलीकडे गेलाय आणि खाली यायचं नाव घेत नाही.
- क्यूमध्ये कामं ताटकळलेली दिसतात, पण ड्राइव्ह रिकामे बसलेत.
- रात्री डिस्क ७५ टक्क्यांवर येते आणि दुपारपर्यंत परत ९५. नवा डेटा मात्र कोणी टाकलेला नाही.
- ड्राइव्ह अखंड चालू, तरी दिवसाला नेहमीच्या निम्माही डेटा लिहून होत नाही.
- लॉगमध्ये एकच टेप सारखी चढते आणि उतरते.
- यूजर म्हणतात, "फाइल दिसते पण उघडत नाही, सगळं हँग होतं."

यातलं शेवटचं लक्षण फसवं आहे. बऱ्याचदा काही हँग नसतं. फाइल टेपवरून येतेय आणि तिच्यापुढे रांग आहे. टेप शोधून ड्राइव्हमध्ये चढवायची, मग त्या जागेपर्यंत पळवायची, यात एक-दोन मिनिटं जाणं नेहमीचं आहे. एलटीओ-८ ची फीत ९६० मीटर लांब असते, पळायला वेळ लागणारच. दहा मिनिटं झाली तरी फाइल येत नसेल आणि पुढे रांगही नसेल, तर मात्र खाली वाचा.

कॉपी होणं वेगळं, जागा सुटणं वेगळं

एचएसएम फाइल टेपवर "हलवतं" असं आपण म्हणतो, पण ते एका दमात होत नाही. पॉलिसी आधी फायली निवडते. मग बऱ्याच फायलींची एकत्र मोट बांधून ती टेपवर लिहिली जाते; सॅम-क्यूएफएस नावाच्या एचएसएममध्ये ही मोट सरळ टार स्वरूपात असते. कुठली फाइल, कुठल्या टेपवर, कुठल्या जागी, याची नोंद होते. इथपर्यंत डिस्कवरची जागा तसूभरही मोकळी झालेली नसते. डिस्क वरच्या मर्यादेला टेकली की दुसरं काम जागं होतं. ज्यांची कॉपी टेपवर सुखरूप गेली आहे अशा फायलींचा मजकूर ते डिस्कवरून सोडतं आणि मागे नाव, आकार, तारीख, मालक एवढं सांगणारा स्टब ठेवतं. वापर खालच्या मर्यादेवर आला की ते थांबतं. आयबीएमच्या स्पेस मॅनेजमेंट या एचएसएममध्ये या मर्यादा मुळात ९० आणि ८० टक्के असतात. कोणी बदलल्या नसतील तर ८८ टक्क्यांवर घाबरायचं कारणच नाही.

म्हणजे भरलेल्या डिस्कमागे तीनच शक्यता उरतात : कॉपी अडली, सोडणं अडलं, किंवा टेपवरून माल परत येऊन डिस्क भरतोय. पुढची प्रत्येक तपासणी यातली एक शक्यता बाद करण्यासाठी आहे.

आणि "जुनं काय उडवू"चं उत्तर इथेच आहे. यूजरला स्टब आणि फाइल यात फरक दिसत नाही. स्टब उडवला म्हणजे फाइल उडवली. टेपवरची कॉपी आता निकामी आहे असं सॉफ्टवेअर धरून चालतं आणि पुढे ती टेप रिकामी करताना तो डेटा जातो. शिवाय स्टब डिस्कवर जागा जवळजवळ खातच नाही, त्यामुळे उडवून जागा मिळत नाही ती नाहीच.

पहिली तपासणी : एका फाइलची अवस्था

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. परवा-तेरवाच्या फोल्डरमधली एखादी मोठी फाइल घ्या आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या कमांडने तिची अवस्था बघा. आयबीएममध्ये ती रेसिडेंट, प्रीमायग्रेटेड किंवा मायग्रेटेड दिसेल. डीएमएफ या आणखी एका एचएसएममध्ये रेग्युलर, ड्युअल-स्टेट किंवा ऑफलाइन. सॅममध्ये सविस्तर यादी मागितली की कितवी कॉपी कुठल्या टेपवर आहे तेही कळतं. शब्द वेगळे, अर्थ तोच : फक्त डिस्कवर, दोन्हीकडे, फक्त टेपवर.

मोठ्या फायली "फक्त डिस्कवर" असतील तर कॉपी अडली आहे. "दोन्हीकडे" असतील तर टेप, ड्राइव्ह, लायब्ररी यांना हात लावू नका. गडबड सोडण्याच्या बाजूला आहे. ही तपासणी गाळून लोक थेट ड्राइव्हवर संशय घेतात आणि अख्खी दुपार घालवतात.

"दोन्हीकडे" निघाल्या तर दोन गोष्टी बघा. पॉलिसीत दोन कॉप्या मागितल्या आहेत का? पहिली कॉपी झाली, पण दुसरीसाठी ठेवलेल्या टेपांचा पूल (गट) संपला, की पहिल्या पूलमध्ये पन्नास कोऱ्या टेपा असल्या तरी डिस्क सुटत नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं, रोज टेपवर लिहिलंही जातंय, आणि डिस्क मात्र वर वर चाललीय. दुसरी गोष्ट आयबीएमवाल्यांसाठी, फायली "फक्त डिस्कवर" दिसल्या तरी बघायची : बॅकअप झाल्याशिवाय फाइल मायग्रेट करू नको, ही अट मुळातच चालू असते. रात्रीचा बॅकअप दोन-तीन दिवस फेल झाला असेल तर एचएसएम बिचारं नियमानुसार थांबलेलं असतं. दुखणं बॅकअपचं आणि शिव्या टेपला.

दुसरी : फाइल पॉलिसीत बसते का

यालाही पैसे लागत नाहीत. फाइल किती जुनी झाल्यावर उचलायची, किती लहान असेल तर सोडून द्यायची, कुठले फोल्डर वगळायचे, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. कोणीतरी तात्पुरतं वगळलेलं फोल्डर तसंच राहून जातं आणि त्यातच पुढे नवा प्रोजेक्ट सुरू होतो. असं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की हल्ली वगळलेल्यांची यादी आधी उघडतो आणि बाकी पॉलिसी नंतर वाचतो.

तारखांकडेही लक्ष द्या. फायलीचं वय काही सॉफ्टवेअर शेवटच्या बदलाच्या तारखेवरून मोजतात, काही शेवटच्या वापराच्या. एखाद्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल आणि कार्डावरून आलेल्या क्लिपवर पुढच्या सालची तारीख असेल, तर ती क्लिप "जुनी" व्हायला ते साल उजाडावं लागेल. सतत लिहिल्या जाणाऱ्या लॉगचं किंवा डेटाबेसचं वय दर वेळी शून्यावर येतं; अशा फायली एचएसएमच्या डिस्कवर ठेवूच नयेत. याच्या उलटही घडतं. जुन्या सर्व्हरवरून तारखा जपून डेटा आणला की त्या फायली आल्या क्षणी "म्हाताऱ्या" असतात आणि सगळ्याच्या सगळ्या एकदम टेपच्या रांगेत उभ्या राहतात. तो बिघाड नाही, गर्दी आहे. एलटीओ-८ ड्राइव्ह कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला जास्तीत जास्त ३६० एमबी लिहितो. १२ टीबीची एक टेप भरायला तरी नऊ तासांवर लागतात. हा हिशेब मांडला की निम्मी घबराट कमी होते.

तिसरी : माल परत कोण आणतंय

रात्री डिस्क सुटते आणि दिवसा भरते, या लक्षणाची ही जागा. रिकॉलचा (टेपवरून फाइल परत मागवण्याचा) लॉग उघडा आणि कुठल्या यूजरने किंवा प्रोसेसने किती फायली मागवल्या ते बघा. माणूस क्वचितच असतो. अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन, फायलींचा इंडेक्स करणारं एखादं सॉफ्टवेअर, एचएसएमशी ओळख नसलेला बॅकअप, किंवा सगळ्या फायलींचा चेकसम (मजकूर बदलला नाही ना, हे ताडायचा आकडा) काढणारी कोणाची तरी हौशी स्क्रिप्ट. यातलं प्रत्येक जण फाइल उघडून वाचतं, आणि स्टब वाचला की एचएसएम इमानदारीने टेप चढवतं.

स्टुडिओत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे थंबनेल. कोणीतरी नेटवर्कवरचं जुनं फोल्डर नुसतं उघडतं, कॉम्प्युटर प्रत्येक क्लिपचं छोटं चित्र काढायला बसतो आणि चारशे क्लिपा टेपवरून निघतात. त्याही नावाच्या क्रमाने, टेपवरच्या क्रमाने नव्हे, म्हणून फीत पुढे-मागे धावत राहते. विंडोजला फाइल "ऑफलाइन" आहे ही खूण मिळाली तर ते थंबनेल काढत नाही. तुमच्या सांबाच्या (लिनक्सवरची डिस्क विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये ती खूण पाठवायची सोय चालू आहे का ते बघा. अँटीव्हायरसमध्ये ही डिस्क वगळा किंवा ऑफलाइन फायली सोडायला सांगा. ज्याला खरंच जुना प्रोजेक्ट हवा आहे त्याने फोल्डर उघडून बसण्यापेक्षा यादी द्यावी; रिकॉलच्या कमांडला एकत्र यादी मिळाली की बरीच सॉफ्टवेअर ती टेपनिहाय लावून घेतात.

चौथी : कोऱ्या टेपा

कॉपी अडली असेल तर सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं, आणि "टेपा आहेत की, परवाच घातल्या" हे वाक्यही तितक्याच वेळा ऐकू येतं. लायब्ररीत टेप असणं आणि सॉफ्टवेअरला ती लिहिण्याजोगी वाटणं यात बरंच अंतर आहे.

टेप योग्य पूलमध्ये नोंदली आहे का? तिच्यावर लेबल लिहिलंय का (चिकटवलेलं नव्हे, सॉफ्टवेअरने फितीवर लिहिलेलं)? लिहिण्यापासून रोखणारी छोटी लाल खिटी सरकलेली नाही ना? बाहेरून परत आणलेल्या टेपांची खिटी बहुधा बंदच असते, आणि ते बरोबरही आहे. पुन्हा वापरायचं ठरलं की उघडायची राहून जाते. बारकोडाची शेवटची दोन अक्षरं टेपच्या पिढीशी जुळतात का? एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो आणि लिहितो, पण एलटीओ-७ ची वाचूही शकत नाही. एलटीओ-८ ड्राइव्ह ७ चालवतो, ६ नाही. बारकोडाशेवटी 'एम८' असेल तर ती कोऱ्या एलटीओ-७ टेपला ९ टीबीची बनवण्याची तऱ्हा आहे आणि ती फक्त एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये चालते.

टेपा खरंच संपल्या असतील तर नव्या मागवण्याआधी जुन्या टेपांची साफसफाई चालू आहे का ते तपासा. यूजर फायली बदलतात, उडवतात; टेपवरच्या जुन्या कॉप्या मात्र तशाच पडून राहतात. जिवंत तेवढा डेटा दुसरीकडे लिहून जुनी टेप मोकळी करणारं काम सॉफ्टवेअरमध्ये असतं. कुठे त्याला रिक्लेमेशन म्हणतात, कुठे रीसायकलिंग. त्याला सहसा एकाच वेळी दोन ड्राइव्ह लागतात : एक वाचायला, एक लिहायला. दोनपैकी एक ड्राइव्ह आजारी पडला की रोजचं लिहिणं चालू राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण साफसफाई गुपचूप बंद पडते. महिन्याभराने टेपा "अचानक" संपतात.

नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह ती स्वतःला जुळवून घेतो. याला सरासरी चाळीसएक मिनिटं आणि जास्तीत जास्त दोन तास लागू शकतात. एवढा वेळ सॉफ्टवेअरला धीर नसतो. ते टाइमआउट देतं, ड्राइव्ह बंद म्हणून नोंदवतं आणि टेप खराब ठरवतं. टेपही चांगली असते आणि ड्राइव्हही. टाइमआउट वाढवा, किंवा नव्या टेपा वापरात घेण्याआधी एकेक करून चढवून घ्या. मध्येच पॉवर बंद करू नका.

पाचवी : क्लीनिंग टेप

ड्राइव्ह स्वतःहून सांगतो की मला साफ करा. त्याच्या इशाऱ्यांना ठरलेले आकडे असतात, त्यांना टेप अलर्ट म्हणतात : टेप अलर्ट २० म्हणजे आत्ता लगेच, २१ म्हणजे लवकरच, २२ म्हणजे क्लीनिंग टेपच संपलीय. एक क्लीनिंग टेप साधारण ५० वेळा चालते, नंतर ती ड्राइव्हमध्ये जाते, येते आणि काहीच होत नाही. लॉगमध्ये एकच टेप चढ-उतर करताना दिसली आणि तिच्या बारकोडाची सुरुवात 'सीएलएन' असेल, तर उत्तर मिळालं. नवी टेप काही हजारांची गोष्ट, ड्राइव्ह लाखांत. ऑटो-क्लीनिंग लायब्ररीत तरी चालू ठेवा नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हीकडे ठेवलं की दोघं भांडतात. खबरदारी म्हणून रोज क्लीनिंग करू नका, त्याने हेड घासतं.

सहावी : लाइट जाऊन आल्यानंतर

आमच्या पट्ट्यात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे शनिवारी सकाळी येणाऱ्या तक्रारींवर माझा पहिला संशय हाच असतो. लाइट आली की सर्व्हर पटकन उठतो. लायब्ररीला मात्र एकेका खणातली टेप मोजून हजेरी घ्यायची असते, ती सावकाश उठते. सर्व्हरने शोध घेतला तेव्हा ड्राइव्ह तयारच नव्हते, म्हणून त्याच्या लेखी ते नाहीत. किंवा उलट्या क्रमाने सापडले : काल ज्या ड्राइव्हला लिनक्सने एनएसटी० नाव दिलं होतं तो आज एनएसटी१ आहे. सॉफ्टवेअर रोबोला म्हणतं पहिल्या ड्राइव्हमध्ये टेप घाल, आणि वाट बघत बसतं दुसऱ्याच्या दाराशी.

तपासायला सोपं आहे. प्रत्येक ड्राइव्हचा सीरियल नंबर सर्व्हरवर बघा आणि लायब्ररीच्या स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून बघा. जुळले नाहीत तर सॉफ्टवेअरमध्ये सुटं नाव न देता डेव्ह-टेपच्या फोल्डरमधलं 'बाय-आयडी' नाव द्या; ते सीरियलवर बांधलेलं असतं, लाइट कितीदा गेली तरी बदलत नाही. आणि चालू करायचा क्रम लिहून रॅकवर चिकटवा : आधी लायब्ररी, तिची हजेरी पूर्ण, ड्राइव्ह "रेडी", मग सर्व्हर, सगळ्यात शेवटी एचएसएम.

सातवी : टेप वाईट की ड्राइव्ह

लॉगमध्ये खरोखर लिहिण्या-वाचण्याच्या एरर असतील तरच इथे या. नियम जुनाच आहे : तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, आणि दुसरी टेप त्याच ड्राइव्हमध्ये. एरर टेपबरोबर फिरली तर टेप, जागेवर राहिली तर ड्राइव्ह. हा प्रयोग कोऱ्या किंवा दुसरी कॉपी असलेल्या टेपांवरच करा. आजारी ड्राइव्ह चांगल्या टेपाही खराब करू शकतो. दोन-तीन वेगवेगळ्या टेपांवर एकाच ड्राइव्हने एरर दिल्या की तो लगेच ऑफलाइन करा, चौथी टेप घालून बघू नका.

जून ते सप्टेंबर एक वेगळं कारण असतं. भिवंडीच्या गोडाऊनमधून टेम्पोने आलेल्या टेपा दमट हवेतून थेट थंडगार सर्व्हर रूममध्ये येतात आणि फितीवर बाष्प धरतं. खोके आल्या आल्या टेपा लायब्ररीत भरू नका. सर्व्हर रूममध्येच, बंद डब्यात, २४ तास राहू द्या. ज्याला त्या "आत्ता लगेच" हव्या आहेत त्याला समजवायचं काम तुमचं.

वेग कमी पण एरर नाहीत, असं असेल तर लहान फायली बघा. लाखो छोट्या फायली निघाल्या की डिस्क टेप ड्राइव्हला पुरेशा वेगाने माल पुरवू शकत नाही. ड्राइव्ह थांबतो, फीत मागे घेतो, पुन्हा सुटतो. यात वेळही जातो आणि फीतही झिजते. थोडा डेटा साठल्यावरच लिहायला सुरुवात कर, अशी सेटिंग बहुतेक एचएसएममध्ये असते, ती वाढवा. जुने प्रोजेक्ट यूजरकडूनच एकेका फाइलमध्ये बांधून घेतलेत तर आणखी बरं.

इथे थांबा

पुढच्या गोष्टींना मी स्वतः हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

टेप ड्राइव्हमध्ये अडकली आणि बाहेर काढायच्या साध्या कमांडने निघत नाही. पकड वापरून ओढलेली फीत तुटते, आणि मग प्रश्न एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) न राहता डेटा रिकव्हरीचा होतो. रोबोचा हात अर्ध्यात थांबलाय : दार उघडून त्याला ढकलू नका. कॅटलॉग (कुठली फाइल कुठल्या टेपवर, याच्या नोंदी) म्हणतोय फाइल अमुक टेपवर आहे आणि टेपवर ती नाही, किंवा कॅटलॉगच उघडत नाही : सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोन करा. तोवर साफसफाईचं काम बंद ठेवा, कारण चुकीच्या नोंदींच्या भरवशावर ते जिवंत डेटाची टेप मोकळी करेल. आणि ज्या टेपची दुसरी कॉपी नाही ती वाचली जात नसेल, तर "पुन्हा एकदा बघू" नको. खिटी बंद करा, टेप बाहेर काढून बाजूला ठेवा. एखादी टेप "अनोळखी" दिसली म्हणून तिला नव्याने लेबल करायचा मोह तर अजिबात नको. लेबल लिहिलं की त्यापुढचा डेटा नेहमीच्या वाटेने परत मिळत नाही.

डिस्क ९८ टक्क्यांवर आहे आणि इंजिनिअर मुलुंडच्या पुलावर अडकलाय, तर मधल्या काळात नवा डेटा थांबवा. यूजरना कॉपी करणं बंद करायला सांगा, किंवा ती शेअर फक्त वाचण्यापुरती करा. लोक आरडाओरडा करतील, करू द्या.

इंजिनिअर येण्याआधी ड्राइव्हचा सीरियल नंबर, टेपचा बारकोड, टेप अलर्टचे आकडे, एररची नेमकी वेळ आणि लायब्ररी व ड्राइव्हचं फर्मवेअर लिहून ठेवा. लायब्ररीच्या वेब पानावरून लॉग आणि ड्राइव्हचा डंप उतरवून घ्या, आणि हे सगळं रीसेट किंवा पॉवर-ऑफ करायच्या आधी, नंतर नाही. रीसेट केल्यावर ड्राइव्ह बरा दिसायला लागतो, इंजिनिअर "काही प्रॉब्लेम नाही" असं लिहून जातो, आणि पुढच्या आठवड्यात तोच ड्राइव्ह पुन्हा तसाच.